अनुदान देणारा न्यास: नव्या विश्वस्तांनी आणि अधिकाऱ्यांनी कामाची घडी कशी बसवावी

महाराष्ट्रात नोंदलेले अनेक सार्वजनिक न्यास स्वतः काही ना काही चालवतात: शाळा, वसतिगृह, दवाखाना, वाचनालय. हा लेख त्यांच्यासाठी नाही. स्वतः प्रकल्प न चालवता इतर संस्थांना किंवा गरजू व्यक्तींना पैसे देणे हेच ज्याचे मुख्य काम आहे, अशा न्यासावर नुकतेच विश्वस्त म्हणून आलेल्या, किंवा तेथे पहिलाच पगारी अधिकारी म्हणून रुजू झालेल्या व्यक्तीने सुरुवात कोठून करावी, हे येथे क्रमाने सांगितले आहे. सगळ्या टप्प्यांमागे माझा आग्रह एकच आहे, तो असा की अर्जदार किंवा कर्मचारी समोर येऊन उभा राहण्याआधी नियम कागदावर उतरलेला असावा. एकदा माणूस समोर आला की त्याची निकड, त्याची ओळख आणि त्याला घेऊन आलेल्या विश्वस्ताचा शब्द हे सारे निर्णयात शिरते, आणि पुढच्या अर्जदाराला वेगळा न्याय लागतो.

पहिली पायरी: न्यासपत्र आणि नोंदी

पहिल्या आठवड्यात एकही प्रस्ताव वाचू नये, न्यासपत्र वाचावे. संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली असेल तर तिची घटना वाचावी. उद्देशाच्या कलमातील प्रत्येक शब्दाला वजन असते. ‘पुणे जिल्ह्यातील गरीब विद्यार्थी’ असे लिहिले असेल, तर नांदेडच्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती देण्याचा ठराव सर्व विश्वस्तांनी एकमताने केला तरी तो उद्देशाबाहेरचा खर्च ठरतो, कारण सभेतल्या ठरावाने उद्देश बदलत नाहीत. ज्ञातिसंस्थांच्या वळणावर सुरू झालेल्या न्यासांनी येथे अधिक जपावे. १९६१ चा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल १९६२ रोजी लागू झाला. त्यानंतर स्थापन झालेला धर्मादाय न्यास एकाच धर्माच्या किंवा जातीच्या हितासाठी असेल तर त्याला करसवलत मिळत नाही. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुले यांच्यासाठी असलेल्या न्यासांना हा अडसर नाही.

त्यानंतर धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वनचा, म्हणजे न्यासाच्या विश्वस्तांची आणि मालमत्तेची अधिकृत नोंद असलेल्या नोंदवहीचा, ताजा उतारा काढावा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे विश्वस्त बदलला, पत्ता बदलला, मालमत्तेत भर पडली, तर ९० दिवसांच्या आत बदलाची नोंद मागावी लागते. कचेरीत आणि वकिलांकडे याला सरळ ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. दहा-बारा वर्षांपूर्वी निधन पावलेल्या विश्वस्ताचे नाव उताऱ्यावर तसेच असणे आणि बँकेच्या कागदांवर सही करणाऱ्याचे नाव त्यावर नसणे, ही स्थिती अजिबात दुर्मिळ नाही. अनुदानाच्या निर्णयाला कोणी आव्हान दिले की पहिला प्रश्न ‘ठराव करणारे विश्वस्त नोंदीवर होते का’ हाच निघतो.

तिसरा कागद प्राप्तिकराच्या नोंदणीचा. २०२१ पासून ही नोंदणी कायमची राहिलेली नाही. ती मुदतीची असते आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. प्राप्तिकर कायदा, २०२५ च्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे आणि त्यात जुन्या कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे फायलीत ‘१२अ’, ‘१२अब’, ‘८०जी’ असे जे क्रमांक सगळ्यांच्या तोंडी बसले आहेत, त्यांच्यापुढे नवे क्रमांक लेखापरीक्षकाकडून एकदाच लिहून घ्यावेत. पुढे कर्मचाऱ्यांचा बराच वेळ वाचतो.

दुसरी पायरी: देता येईल तो पैसा किती

न्यासाच्या वर्षभराच्या उत्पन्नापैकी किमान ८५ टक्के रक्कम उद्देशांवर खर्च झाली पाहिजे, हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. अनुदान देणाऱ्या न्यासाला त्याच्यापुढची पायरी अधिक अडवते. २०२३ च्या वित्त कायद्यापासून, एका नोंदणीकृत न्यासाने दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला दिलेल्या देणगीपैकी केवळ ८५ टक्के रक्कम खर्च म्हणून धरली जाते. समजा उत्पन्न १ कोटी रुपये आहे आणि न्यासाने ८५ लाख रुपये इतर न्यासांना दिले. हिशोबात त्यातले ७२ लाख २५ हजारच धरले जातील आणि १२ लाख ७५ हजारांची तूट दिसेल. केवळ इतर न्यासांना देऊन अट पूर्ण करायची असेल तर पूर्ण १ कोटी द्यावे लागतील. म्हणून सर्व पैसा इतर न्यासांमार्फत द्यायचा, की शिष्यवृत्त्या, वैद्यकीय मदत यांसारखा काही भाग स्वतः थेट द्यायचा, हा प्रश्न वर्षाच्या सुरुवातीलाच सीएबरोबर बसून सोडवावा.

आणखी तीन गोष्टी त्याच बैठकीत विचारून घ्याव्यात. दुसऱ्या न्यासाच्या कायम निधीसाठी म्हणून दिलेली रक्कम खर्चात धरली जात नाही. विशिष्ट हेतू लिहून पाच वर्षांपर्यंत राखून ठेवलेल्या रकमेतून दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला देणगी देता येत नाही. आणि एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिली तर तीही खर्चातून वगळली जाते. रुग्णाच्या नातेवाइकाच्या हाती नोटा ठेवण्याची जुनी पद्धत आता सोडून रुग्णालयाच्या खात्यात थेट रक्कम भरणे हेच बरे.

पैसा कोठून आला यावरही तो कसा देता येईल हे ठरते. परदेशी देणगी असेल तर विषय तेथेच संपतो, कारण परदेशी अंशदान कायद्यातील सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे वळवता येत नाही, मग त्या संस्थेकडे स्वतःची परवानगी का असेना. कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून रक्कम आली असेल, तर ती ज्या संस्थेमार्फत खर्च होणार तिने कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी केलेली असावी लागते. या स्रोतांची खाती आणि खतावणी पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावीत.

तिसरी पायरी: लेखी अनुदान धोरण

हे धोरण चार-पाच पानांचे पुरते, पण त्यात खालील प्रश्नांची उत्तरे स्पष्ट हवीत: विषय कोणते, भूभाग कोणता, किमान आणि कमाल रक्कम किती, मुदत किती, कोणाला देणार नाही, आणि निर्णय कोण घेणार. ‘कोणाला देणार नाही’ हे वाक्य बहुतेक धोरणांत नसते आणि त्याचीच सर्वाधिक गरज पडते. इमारत बांधकाम, एकदिवसीय कार्यक्रम, स्मरणिका, पुरस्कार सोहळे यांना देणार नसाल तर तसे छापावे; त्यामुळे अर्जदाराचे श्रम वाचतात आणि विश्वस्तांना ओळखीच्या माणसाला नकार देताना आधार मिळतो.

रकमेबाबत माझे मत ठाम आहे. वर्षाला ४० लाख रुपये द्यायचे असतील तर ते ४० संस्थांना एकेक लाख करून वाटण्यापेक्षा ८ संस्थांना प्रत्येकी ५ लाख, तेही सलग तीन वर्षे द्यावेत. एक लाखात एका पूर्णवेळ कार्यकर्त्याचा वर्षाचा रास्त पगारही निघत नाही, आणि अर्ज, करार, अहवाल, लेखे यांचे काम मात्र दोन्हीकडे तेवढेच करावे लागते. छोट्या रकमा वाटल्याने वार्षिक अहवालातील यादी लांब होते, इतकाच त्याचा लाभ.

देणगीदाराच्या अटींबाबतही धोरणात कलम असावे. नाव देण्याची अट आपल्याकडे जुनी आहे. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लागले. नाव दिल्याने कामाच्या दिशेला धक्का लागत नाही. विद्यार्थी कोण निवडायचा, कोणाला नोकरीवर घ्यायचे, कोणत्या दुकानातून माल घ्यायचा, अशा अटी मात्र स्वीकारू नयेत. मदतीचे स्वरूप दान हेच असले पाहिजे असेही नाही. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये सुरू केलेला उच्च शिक्षणाचा निधी कर्जशिष्यवृत्तीच्या रूपाने चालत आला आहे, आणि विद्यार्थ्याने फेडलेली रक्कम पुढच्याच्या उपयोगी पडते. असा मार्ग निवडला तर वसुलीचे नियमही त्याच धोरणात लिहावेत, एरवी मृदू स्वभावाच्या विश्वस्तांच्या काळात तो निधी आटत जातो.

हितसंबंधांचे कलम सर्वांत काळजीपूर्वक लिहावे. संस्थापक, विश्वस्त, त्यांचे नातेवाईक, मोठे देणगीदार आणि ज्या व्यवसायांत त्यांचे भरीव हित आहे ते व्यवसाय, यांना न्यासाच्या पैशातून लाभ मिळाला तर प्राप्तिकर कायदा त्याकडे कठोरपणे पाहतो; विश्वस्ताच्या भाचीला गुणवत्तेवर मिळालेली शिष्यवृत्तीसुद्धा कागदावर त्याच रांगेत बसू शकते. कायद्याच्या व्याख्येत न बसणारे संबंधही असतात: विश्वस्त ज्या शाळेच्या कार्यकारिणीवर आहे ती शाळा, अधिकाऱ्याची पत्नी जेथे नोकरी करते ती संस्था. दरवर्षी एप्रिलमध्ये प्रत्येक विश्वस्ताकडून आणि कर्मचाऱ्याकडून अशा संबंधांचे लेखी निवेदन घ्यावे, आणि विषय चर्चेला आला की संबंधित व्यक्तीने सभेतून उठून बाहेर जावे. नुसते मत न देता तेथेच बसून राहणे पुरेसे नाही, कारण समोर बसलेल्या सहकाऱ्याच्या संस्थेविरुद्ध बोलणे आपल्याकडे कोणाला सहज जमत नाही. बाहेर गेल्याची नोंद इतिवृत्तात वेळेसह करावी.

चौथी पायरी: अर्जापासून निर्णयापर्यंत

अर्जाचा पहिला टप्पा दोन पानांचा ठेवावा. समस्या काय, कोण काम करणार, किती रक्कम, किती काळ, एवढे त्यात आले की पुरे. छाननीत टिकलेल्यांकडूनच सविस्तर प्रस्ताव, अंदाजपत्रक आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब मागवावेत. नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, प्राप्तिकर नोंदणीची मुदत, शेड्यूल वनचा उतारा आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील क्रमांक यांची तपासणी कार्यालयाने करावी. विश्वस्तांच्या सभेत कागद चाळत बसू नये. अर्ज मराठीतून स्वीकारावेत, हेही सांगावे लागते याचे वाईट वाटते. धडगाव किंवा एटापल्लीत काम करणारी चांगली संस्था इंग्रजी प्रस्ताव लिहून देणारा सल्लागार परवडत नाही म्हणून मागे पडत असेल, तर आपण कामाची नव्हे, लेखनाची परीक्षा घेत आहोत.

क्षेत्रभेट निर्णयाआधी एकदा तरी व्हावी. भेटीचे नियम धोरणात असावेत: शाल, श्रीफळ, सत्कार, मुलांचे स्वागतगीत आणि जेवणावळ यांना आधीच पत्राने नकार द्यावा, प्रवासखर्च न्यासाने करावा, आणि संस्थाप्रमुखांखेरीज किमान दोन कार्यकर्त्यांशी व काही लाभार्थींशी वेगळे बोलावे. भेटीचे टिपण त्याच आठवड्यात लिहून फायलीला लावावे. त्यात दिसले काय आणि अधिकाऱ्याला वाटले काय हे वेगळे लिहावे.

निर्णय तीन ते पाच जणांच्या समितीने घ्यावा आणि तिच्यात विषय जाणणारी, विश्वस्त नसलेली एक व्यक्ती असावी. अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत उत्तर द्यावे. नकाराचे पत्र होकाराच्या पत्राइतकेच काळजीने लिहावे: कारण एका वाक्यात, पुन्हा अर्ज करता येईल की नाही ते दुसऱ्या वाक्यात. ‘पुढे पाहू’, ‘विश्वस्तांच्या विचाराधीन आहे’ अशी उत्तरे देऊन संस्थेला आठ-आठ महिने टांगत ठेवणे हा या क्षेत्रातला सर्वांत पसरलेला अनाचार आहे, आणि तो बहुधा सौजन्याच्या नावाखाली चालतो.

पाचवी पायरी: करार, हप्ते आणि ऋतू

मंजुरीनंतर करारनामा करावा. त्यात हेतू, रक्कम, हप्ते, अहवालांच्या तारखा, खर्चाच्या शीर्षांत किती टक्के अदलाबदल विचारल्याशिवाय चालेल, शिल्लक रकमेचे काय, आणि काम थांबवायचे झाल्यास दोन्ही बाजूंनी किती दिवसांची सूचना, हे यावे. शीर्षांमध्ये १५ ते २० टक्के मोकळीक द्यावी असे मी सुचवेन. प्रवासातले वाचलेले तीन हजार साहित्यावर खर्च करण्यासाठी परवानगीची पत्रे लिहायला लावण्यात कोणाचे हित नाही.

हप्त्यांच्या तारखा मात्र कामाच्या ऋतूवरून ठरवाव्यात, न्यासाच्या आर्थिक वर्षावरून नव्हे. जलसंधारणाची मातीकामे पावसाळ्याआधीच्या कोरड्या महिन्यांत होतात. त्यांचा हप्ता जुलैत पोहोचला तर ते वर्ष गेले. बीड आणि आसपासच्या भागांतून ऊसतोडीची कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, त्यामुळे मागे राहणाऱ्या मुलांच्या हंगामी वसतिगृहाचा पैसा सप्टेंबरअखेर संस्थेच्या खात्यात हवा. शाळांच्या कामाला जूनपूर्वी. प्रत्यक्षात ८५ टक्क्यांचा आकडा गाठण्यासाठी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धनादेशांची लगबग उडते आणि संस्था तो पैसा वर्षभर जपत बसतात. समितीच्या सभा जुलै, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत ठेवल्या तर ही धावपळ पुष्कळ कमी होते.

अहवाल रकमेच्या प्रमाणात मागावेत. दोन लाखांच्या अनुदानासाठी वर्षअखेरचे चार पानी टिपण आणि सीएचे उपयोगिता प्रमाणपत्र पुरते. आलेला अहवाल कोणी तरी वाचून त्यावर पत्र लिहिले पाहिजे. न वाचल्या जाणाऱ्या अहवालांत लवकरच मागच्या वर्षीचे परिच्छेद उतरू लागतात.

सहावी पायरी: पगाराला पैसे देणार की नाही

प्रस्ताव तपासताना ‘मानधन’ आणि ‘कार्यालयीन खर्च’ या ओळींवर विश्वस्तांची कात्री सर्वांत आधी चालते. पुस्तके, सायकली, पाण्याच्या टाक्या यांना हसत मंजुरी मिळते. त्या वाटणाऱ्या, त्यांचा वापर शिकवणाऱ्या आणि हिशोब ठेवणाऱ्या माणसाच्या पगाराला नाही. यामागे अनेकदा सामाजिक दायित्व निधीतील ५ टक्क्यांच्या मर्यादेचा दाखला दिला जातो. ती मर्यादा कंपनीने स्वतःच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेल्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेच्या शिक्षिकेचा किंवा आरोग्यसेविकेचा पगार त्यात मोडत नाही, कारण तो प्रकल्पाचाच खर्च असतो. देशातल्याच पैशातून अनुदान देणाऱ्या न्यासाला तर असे टक्केवारीचे बंधन कायद्याने घातलेलेही नाही.

म्हणून धोरणात लिहावे की प्रकल्पावर काम करणाऱ्यांचा पूर्ण पगार, त्यावरील भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची तरतूद यांसह, मान्य खर्च धरला जाईल, आणि त्याखेरीज संस्थेच्या भाडे, वीज, लेखापाल, लेखापरीक्षण यांसाठी एकूण रकमेचा ठरावीक हिस्सा मिळेल. हा हिस्सा १५ टक्क्यांखाली नसावा असे माझे मत आहे. आपल्या कार्यालयातल्या माणसाला भविष्य निर्वाह निधी देणाऱ्या न्यासाने दुसऱ्याच्या कार्यकर्त्याला पाच हजारांच्या ‘मानधना’वर वर्षभर राबवायला सांगणे हे कोणत्याही न्यासपत्राच्या उद्देशात बसत नाही.

सातवी पायरी: आपले कर्मचारी

हा भाग नवे न्यास ‘आपण घरचीच माणसे’ म्हणून पुढे ढकलतात. दोनच कर्मचारी असले तरी नियुक्तिपत्र, कामाचे स्वरूप, पगाराची तारीख, रजा आणि सूचनाकाळ हे लेखी हवे. विश्वस्तांची खासगी कामे, म्हणजे तिकिटे काढणे, घरची बिले भरणे, लग्नपत्रिका पोहोचवणे, कर्मचाऱ्याला सांगितली जाणार नाहीत, हे वाक्य नियमावलीत घालायला संकोच वाटेल; तरीही घालावे.

संख्या वाढेल तशी कायद्याची बंधने लागू होतात. दहा कर्मचारी झाले की ग्रॅच्युइटी, २६ आठवड्यांची प्रसूती रजा आणि लैंगिक छळ प्रतिबंधासाठीची अंतर्गत समिती हे विषय येतात. वीस झाले की भविष्य निर्वाह निधी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या असून, त्यांतील एक तरतूद न्यासांनी आवर्जून पाहावी: ठरावीक मुदतीच्या नियुक्तीवरील कर्मचाऱ्याला पाच वर्षे पूर्ण नसली तरी सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. अकरा-अकरा महिन्यांची पत्रे देत वर्षानुवर्षे माणूस ‘प्रकल्पावर’ ठेवण्याची पद्धत त्यामुळे तपासून घ्यावी लागेल, आणि अंदाजपत्रकात ही तरतूद पहिल्या वर्षापासून धरावी.

अंतर्गत समितीबाबत पुष्कळ गैरसमज आहेत. २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दात विनावेतन स्वयंसेवक, प्रशिक्षणार्थी आणि रोजंदारीवरील व्यक्तीही येतात, त्यामुळे दहाचा आकडा पगारपत्रकावरून मोजू नये. कामानिमित्त केलेला प्रवास आणि भेट दिलेली जागा हीही कामाची जागाच आहे, म्हणजे क्षेत्रभेटीतला मुक्कामही. समितीची अध्यक्ष महिला असावी, निम्म्याहून कमी महिला नसाव्यात आणि एक सदस्य बाहेरची असावी. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील, किंवा तक्रार खुद्द नियोक्त्याविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला असावा. आपल्याच अधिकाऱ्याने अनुदानित संस्थेतील कार्यकर्तीला त्रास दिला तर तिने कोणाकडे यावे, हेही करारनाम्यासोबतच्या पत्रात लिहावे; पैसे देणाऱ्या संस्थेच्या माणसाविरुद्ध बोलणे किती अवघड असते हे वेगळे सांगायला नको.

अनुदान अधिकाऱ्याच्या पदाला एक खास धोका असतो. पाच लाखांचा निर्णय ज्याच्या टिपणावर ठरतो, त्याच्या विनोदांना सगळे हसतात. म्हणून अर्जदार संस्थेकडून भेटवस्तू, दिवाळीचा फराळाचा डबा सोडून काहीही, घेऊ नये. तिचे सशुल्क सल्लागार होऊ नये. नोकरी सोडल्यावर किमान एक वर्ष तिच्या पगारावर जाऊ नये, आणि जायचेच असेल तर अध्यक्षांना लेखी कळवावे. एकाच संस्थेची फाइल सलग तीन वर्षांहून अधिक काळ एकाच अधिकाऱ्याकडे राहू नये. त्याचे वार्षिक मूल्यमापन किती रक्कम वाटली यावरून न करता उत्तरे वेळेत गेली का, भेटींची टिपणे लिहिली का आणि संस्थांना निनावी विचारल्यावर त्या काय म्हणाल्या, यावरून करावे.

प्रवासाचा अग्रिम आधी द्यावा. तरुण कर्मचाऱ्याने गडचिरोलीचा दौरा स्वतःच्या खिशातून करायचा आणि परतावा दीड महिन्याने मिळायचा, ही रीत बंद करावी. तसेच रात्रीच्या एसटीने जाऊन सकाळी बैठक आणि पुन्हा रात्रीचा परतीचा प्रवास असे वेळापत्रक आखू नये, मुक्कामाचा खर्च मंजूर करावा.

आणि अधिकारी नोकरी सोडून जातो तेव्हा त्याच्या शेवटच्या दोन आठवड्यांत नव्या मंजुऱ्या ठेवू नयेत. त्या काळात प्रत्येक चालू अनुदानाचे एक पानी टिपण त्याच्याकडून लिहून घ्यावे: किती हप्ते गेले, कोणता अहवाल बाकी आहे, तोंडी कोणते आश्वासन दिले गेले आहे. तोंडी आश्वासनांची ही यादी अध्यक्षांनी स्वतः वाचावी, त्यांतली न्यासाला मान्य असलेली त्याच आठवड्यात लेखी करावीत, मान्य नसलेली संस्थेला स्पष्ट कळवावीत, आणि नव्या संपर्काचे नाव व दूरध्वनी क्रमांक असलेले पत्र जुना अधिकारी कार्यालयात असतानाच, त्याच्या आणि नव्या अधिकाऱ्याच्या अशा दोघांच्या सहीने, सर्व संस्थांना पाठवावे.